बाळू पालवणकरांचे राजकारण : पुरावा आणि तर्क

१९३७च्या फेब्रुवारीत मुंबई इलाख्याच्या विधानसभेची निवडणूक झाली. मुंबई शहरातील एका राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे होते. त्यांच्यासमोर काँग्रेसने ज्यांना उमेदवारी दिली, त्यांचे नाव लोकांना ठाऊक होते ते क्रिकेटच्या मैदानावरून. हे उमेदवार म्हणजे पी. बाळू, अर्थात बाळू पालवणकर. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. दोन हजार वीस मतांच्या या फरकाने बाळूंची राजकीय कारकीर्द जवळजवळ संपली. त्यांच्याविषयीचा वाद मात्र तेव्हापासून सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

हा वाद एका खेळाडूपुरता नाही. एखाद्या नामवंत खेळाडूचा राजकीय कल त्याच्या जाहीर कृतींवरून कसा ओळखायचा, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. आज कुणी क्रिकेटपटू एखाद्या नेत्याबरोबर छायाचित्रात दिसला, किंवा त्याने समाजमाध्यमावर दोन ओळी लिहिल्या, की संध्याकाळपर्यंत त्याची पक्षवार वाटणी झालेली असते. बाळूंच्या बाबतीत तेच झाले, फक्त सावकाश, सत्तर-ऐंशी वर्षांच्या अवधीत. म्हणून त्यांचे उदाहरण शांतपणे तपासण्याजोगे आहे. त्यात सहभागी असलेली माणसे आता हयात नाहीत, बऱ्याचशा घटना छापील रूपात उपलब्ध आहेत, आणि त्या घटनांतून काढलेले निष्कर्ष मात्र एकमेकांच्या थेट विरुद्ध आहेत.

दोन घाईचे निकाल

पहिला निकाल असा : बाळू स्वतः अस्पृश्य समाजातले, चांभार जातीत जन्मलेले. क्रिकेटमध्ये त्यांनी आयुष्यभर अपमान सोसला. तरीही ऐन वेळी ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, म्हणजे त्यांनी स्वतःला वापरू दिले. आंबेडकरी चळवळीतल्या बोलण्यात हा सूर अनेकदा ऐकू येतो, आणि त्यामागची वेदना खोटी म्हणता येणार नाही.

दुसरा निकाल असा : बाळू म्हणजे समरसतेचा आदर्श. अन्याय झाला, पण त्यांनी कडवटपणा धरला नाही. ते हिंदू संघासाठी खेळत राहिले, धर्मांतराला त्यांनी विरोध केला आणि समाज जोडून ठेवला. हा सूर सत्कार समारंभांत आणि क्रीडापानांवरच्या लेखांत आढळतो. ‘लगान’ चित्रपटातल्या कचराला पाहून अनेकांना बाळू आठवले, ते याच गोड चौकटीतून.

दोन्ही निकालांत एक गोष्ट समान आहे. बाळूंच्या आयुष्यातल्या सगळ्या घटना एकाच वजनाच्या मानून त्या एका पारड्यात टाकल्या जातात. मैदानाबाहेर मातीच्या भांड्यात मिळालेला चहा, नाकारलेले कर्णधारपद, करारावरची सही, निवडणुकीची उमेदवारी, सगळे एकत्र. मग ज्याला जे हवे ते तो त्यातून उचलतो.

मी पेशाने हिशेबनीस. इतिहासाचे रीतसर शिक्षण मला नाही. जे वाचले ते नोकरी सांभाळून, ग्रंथालयांत बसून. पण हिशेबाच्या कामात एक सवय लागते. कुठलीही रक्कम दिसली की ती कुणाच्या खात्यावर आहे, हे आधी पाहायचे. बाळूंविषयीचे लेखन वाचताना मला सतत जाणवत राहिले, की इतरांच्या खात्यावरच्या पुष्कळ रकमा त्यांच्या नावे लिहिल्या गेल्या आहेत.

मैदानावरची नोंद

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातल्या मूळ गावावरून आलेले. घराणे लष्कराच्या चाकरीतले, त्यामुळे बालपण पुण्यात गेले. सैनिकी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि धाकटे शिवराम क्रिकेट शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हेही भाऊ खेळात आले. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडण्याची आणि तिच्यावर रूळ फिरवण्याची. पगार महिना तीन रुपये. १८९२ साली ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, पगार चार रुपये झाला. तिथे नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामवंत फलंदाज. ते सरावासाठी इतरांच्या आधी येत आणि बाद केल्याबद्दल दर खेपेला आठ आणे देत, अशी आठवण सांगितली जाते. फलंदाजीचा सराव मात्र बाळूंच्या वाट्याला आला नाही. नोकराने चेंडू टाकायचा, फळी साहेबाच्या हातात, असा तो व्यवहार होता.

पुण्याच्या हिंदू संघात त्यांना घ्यावे की नाही यावर मतभेद झाले. शेवटी गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, म्हणून घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी इतरांना कपबशी आणि बाळूंना तंबूबाहेर मातीचे भांडे. जेवणाचे ताटही वेगळे. पुण्यातल्या प्लेगच्या सुमारास ते मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ तेवीस सामने खेळला, त्यातले पंधरा हरला. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले, असे रामचंद्र गुहा यांनी आपल्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ या २००२ सालच्या ग्रंथात नोंदवले आहे. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. म्हणजे १९३७च्या लढतीतला एक उमेदवार पंचवीस वर्षांपूर्वी दुसऱ्याचा गौरव करणारा होता.

चार रकाने

खेळाडूच्या कृतींवरून त्याचा कल ठरवताना मी चार रकाने आखतो.

पहिल्या रकान्यात इतरांनी त्याच्याशी जे केले ते. मातीचे भांडे, वेगळे ताट, कर्णधारपद न देणे. हा त्या समाजाच्या मनोवृत्तीचा पुरावा आहे. बाळूंच्या मताचा नाही.

दुसऱ्या रकान्यात त्याने केलेल्या, पण दुसरा मार्गच नसताना केलेल्या गोष्टी. हिंदू संघातून खेळणे ही त्यातली मुख्य. मुंबईतले मोठे सामने धर्माधारित होते. १९०७पासून तिरंगी, म्हणजे युरोपियन, पारशी आणि हिंदू. १९१२पासून मुसलमानांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. अस्पृश्यांचा वेगळा संघ नव्हता. बाळूंना मोठे क्रिकेट खेळायचे तर ते ‘हिंदू’ म्हणूनच खेळावे लागणार होते. त्यावरून त्यांची हिंदुत्वनिष्ठा सिद्ध करणे म्हणजे एकाच दाराच्या घरात शिरलेल्या माणसाने ते दार पसंत केले असे म्हणण्यासारखे आहे. १९११चा दौराही याच रकान्यात जातो. प्रशांत किदंबी यांनी ‘क्रिकेट कंट्री’ या पुस्तकात दाखवले आहे, की त्या दौऱ्यामागे संस्थानिक, धनिक आणि इंग्रज अधिकारी यांचे हितसंबंध होते आणि साम्राज्याशी एकनिष्ठ अशा हिंदुस्थानचे चित्र उभे करण्याची इच्छा होती. तो हेतू आयोजकांचा. बाळू त्यात होते ते सर्वोत्तम गोलंदाज म्हणून.

तिसऱ्या रकान्यात, नकार देणे शक्य असताना केलेल्या गोष्टी. चौथ्या रकान्यात त्याच दिशेने पुन्हा पुन्हा, किंमत मोजून केलेल्या गोष्टी. माझ्या मते कल ठरवण्यासाठी खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात ते हे शेवटचे दोन रकाने. पहिल्या दोहोंतून माणसाची परिस्थिती कळते, आणि ती कळणे आवश्यकच आहे. पण परिस्थिती म्हणजे मत नव्हे.

१९२० आणि १९२३

आता वादाच्या मध्यभागी असलेल्या कर्णधारपदाकडे येऊ. बाळू ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी गोलंदाज असूनही हिंदू संघाचे कर्णधार झाले नाहीत. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा होता असे जाहीरपणे सांगितले. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळले गेले. पै आजारी पडल्यावर कर्णधारपद विठ्ठल किंवा शिवराम यांच्याकडे न जाता दि. ब. देवधरांकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि निवेदन काढून आपली बाजू लोकांपुढे मांडली. त्याचा परिणाम झाला. अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घेतले गेले आणि पैंनी मैदानाबाहेर जाऊन काही काळ संघाची सूत्रे त्यांच्याकडे येऊ दिली. १९२३ साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले.

ही घटना १९२०च्या अखेरची, म्हणजे काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने अस्पृश्यता निवारणाचा ठराव स्वीकारला त्याच सुमाराची. मूकनायक सुरू होऊन वर्षही झाले नव्हते. या पार्श्वभूमीवर भावांच्या बहिष्काराला राजकीय अर्थ आपोआप चिकटतो, आणि तो चुकीचा आहे असे मला वाटत नाही. सामना सोडणे ही नकाराची कृती आहे. ती तिसऱ्या रकान्यात येते. पण खाते नीट पाहायला हवे. संघ सोडणारे विठ्ठल आणि शिवराम होते. बाळूंना वगळलेलेच होते. त्यांना सोडायला संघ नव्हता. आणि परत बोलावल्यावर ते गेले.

म्हणून या प्रकरणातून बाळूंविषयी एवढेच म्हणता येते : घरातल्या भावांना अन्याय अन्याय म्हणून दिसत होता आणि तो बोलून दाखवण्याची हिंमत त्या घरात होती. बाळू निमूट होते ही समजूत इथे टिकत नाही. त्याचबरोबर भावांची मागणीही लक्षात घ्यायला हवी. त्यांना वेगळा संघ नको होता. आहे त्याच संघात योग्य जागा आणि तिथले नेतृत्व हवे होते. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मकथन मराठीत लिहिले. पालवणकर बंधूंविषयी लिहिताना मराठी लेखकांनी त्याचा आणखी उपयोग करायला हवा होता. इंग्रजीतून बाळू आपल्याला परत मिळावेत ही काही भूषणाची गोष्ट नाही.

क्रिकेटने राजकारण शिकवले का?

गुहा यांच्या ग्रंथाचे ऋण मोठे आहे. बाळूंना विस्मृतीतून बाहेर काढण्याचे श्रेय त्यांचेच. त्यांच्या मांडणीत मैदानावरची कथा आणि राष्ट्रीय चळवळीची कथा एकमेकींत अशी गुंफली जाते, की विठ्ठल यांचे कर्णधारपद गांधीयुगातल्या सुधारणेचे फळ वाटू लागते, आणि बाळूंचे पुढचे राजकारण त्याच अनुभवाचा स्वाभाविक शेवट वाटतो. हिंदू समाज बदलू शकतो हे मैदानावर पाहिले, म्हणून त्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला, असे वाचकाच्या मनावर ठसते.

हा तर्क आकर्षक आहे. माझा आक्षेप असा, की याच घटनांवरून नेमका उलटा निष्कर्षही तितक्याच सहजपणे निघतो. १९०६ ते १९२३ ही सतरा वर्षे आहेत. पहिल्या दर्जाच्या सामन्यांत १७९ बळी, तेही सरासरी १५.२१, घेणाऱ्या माणसाची सगळी कारकीर्द कर्णधारपदाविना संपली आणि धाकट्या भावाच्या वेळी दार उघडले, तेही बहिष्कारानंतर. असा अनुभव घेतलेला माणूस म्हणू शकला असता, की सवर्णांच्या मर्जीवर विसंबून चालणार नाही, हक्क कायद्यानेच बांधून घ्यावा लागेल. बाबासाहेब हेच म्हणत होते. ज्या घटना दोन्ही निष्कर्षांना सारख्याच जुळतात, त्या दोहोंपैकी कुणाच्याही बाजूचा पुरावा ठरत नाहीत. क्रिकेटमुळे बाळूंच्या मनातला प्रश्न कोणता होता हे समजते. त्यांनी कोणते उत्तर निवडले हे शोधायला मैदानाबाहेरच जावे लागते.

१९३२ : एकच कागद, दोन अर्थ

दुसऱ्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. गांधीजींनी कडवा विरोध केला. १९३२च्या आरंभी मद्रासचे नेते एम. सी. राजा आणि हिंदू महासभेचे डॉ. बा. शि. मुंजे यांच्यात समझोता झाला : जागा राखीव, पण मतदारसंघ संयुक्त. बाळू या राजा-मुंजे कराराच्या बाजूने उभे राहिले. ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांचा जातीय निवाडा आला आणि त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केले. २४ तारखेला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक विधिमंडळांतल्या राखीव जागा ७१ होत्या, त्या १४८ झाल्या.

पुणे करारावर सही करणाऱ्यांत डॉ. आंबेडकर आहेत, राजा आहेत, आणि पी. बाळूही आहेत. कृतींवरून कल ओळखणाऱ्या प्रत्येकाने हा कागद डोळ्यांसमोर ठेवावा. सही तीच, तारीख तीच. पण बाबासाहेबांसाठी ती एका माणसाच्या प्राणांच्या दडपणाखाली केलेली तडजोड होती, आणि पुढे त्यांनी या कराराच्या परिणामांवर सातत्याने कठोर टीका केली. बाळूंसाठी ती काही महिने आधीच घेतलेल्या भूमिकेची पूर्तता होती. एकटी सही पाहिली तर हा फरक दिसत नाही. सहीच्या आधीचे आणि नंतरचे पाऊल पाहिले की दिसतो.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवावी लागते, कारण ती पहिल्या घाईच्या निकालाला अडथळा आणते. संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा ही भूमिका काही शत्रूपक्षाची मिरास नव्हती. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी स्वतः, प्रौढ मताधिकार मिळणार असेल तर, संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा मागितल्या होत्या. उलट राजा हे आधी स्वतंत्र मतदारसंघांचे पुरस्कर्ते होते. चार वर्षांत दोघांनी जागा बदलल्या. परिस्थिती बदलली तशी बाबासाहेबांची मागणी बदलली आणि त्यामागे स्पष्ट युक्तिवाद होता : प्रौढ मताधिकार नसेल तर संयुक्त मतदारसंघात अस्पृश्यांचा प्रतिनिधी सवर्ण मतदारच निवडणार. म्हणून १९३२ साली बाळूंनी घेतलेली बाजू द्रोहाची ठरवता येत नाही. ती एका खऱ्या मतभेदातली बाजू होती. ती चुकीची होती असे म्हणायला पुष्कळ जागा आहे, आणि मी स्वतः बाबासाहेबांचा युक्तिवाद अधिक भक्कम मानतो. पण चुकीची बाजू घेणे आणि विकले जाणे यांत फरक आहे.

महासभा, काँग्रेस आणि मधली रेषा

१९३३ साली बाळू मुंबई महापालिकेसाठी हिंदू महासभेच्या तिकिटावर उभे राहिले आणि हरले. १९३५च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यावर बाळूंनी विरोध दर्शवला. धर्मांतर त्यांना आत्मघात वाटत होता, असे गुहा सांगतात. १९३७ साली ते काँग्रेसचे उमेदवार झाले.

आजच्या सवयीने पाहिले तर महासभेतून काँग्रेसमध्ये जाणे ही उडी वाटेल. काहींनी त्यावरून त्यांना तत्त्वशून्य ठरवले आहे. तिसाव्या दशकाच्या आरंभी ही सीमारेषा आजइतकी पक्की नव्हती. पंडित मदनमोहन मालवीय हे काँग्रेसचेही अध्यक्ष राहिले होते आणि महासभेचेही पुढारी होते. बाळूंच्या चार कृती, म्हणजे राजा-मुंजे करार, पुणे करार, महासभेची उमेदवारी आणि काँग्रेसची उमेदवारी, पक्षांच्या नावाने मांडल्या तर विसंगत दिसतात. प्रश्नाच्या नावाने मांडल्या तर एका ओळीत येतात. अस्पृश्यांनी हिंदू समाजाच्या चौकटीत राहून हक्क मिळवावेत, ही ती ओळ. धर्मांतराचा विरोध तिच्यातच बसतो. भावांचा १९२०चा पवित्राही तिच्याशी सुसंगत आहे, जरी ते खाते त्यांचे असले तरी.

हा आहे चौथा रकाना : पाच वर्षांत एकाच दिशेने टाकलेली पाच पावले. पक्षाचे लेबल लावता येणार नाही, पण दिशा ठामपणे सांगता येते.

जातीचे उत्तर

काही अभ्यासक हा सगळा प्रश्न जातीवर सोडून देतात. बाबासाहेब महार, बाळू चांभार. मुंबई इलाख्यात चांभार पुढारी काँग्रेसकडे झुकले, म्हणून बाळूही. त्यात तथ्य आहे. १९५२च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव करणारे काँग्रेसचे नारायण काजरोळकर हेही चांभार समाजातलेच. महार नेतृत्वाखालच्या चळवळीत आपल्याला दुय्यम जागा मिळेल, ही धास्ती त्या काळी होती.

पण पां. ना. राजभोज यांचे उदाहरण घ्या. तेही चांभार, १९२९च्या पुण्यातल्या पर्वती सत्याग्रहातले कार्यकर्ते. पुणे करारावर बाळूंसारखी त्यांचीही सही आहे. पुढे हेच राजभोज बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले आणि १९५२ साली त्याच पक्षातर्फे सोलापुरातून लोकसभेवर निवडून आले. जात तीच, १९३२ची सही तीच, आणि दहा वर्षांनंतरची वाट वेगळी. जातीमुळे माणसावर कोणते दडपण होते ते कळते. निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो, आणि जातीच्या नावावर तो खतावला की माणसाच्या हातात काहीच उरत नाही. दलित माणसाच्या बाबतीत तर हे विशेष अन्यायाचे आहे. सवर्ण पुढाऱ्याचे मत आपण त्याचे मत म्हणून ऐकतो. बाळूंचे मत मात्र जातीचा किंवा लाचारीचा परिणाम म्हणून निकालात काढतो.

मतांचे आकडे काय सांगतात

शेवटी सुरुवातीच्या आकड्यांकडे येतो. १३,२४५ आणि ११,२२५. काही जण म्हणतात, अस्पृश्य समाजाने बाळूंना नाकारले. काही म्हणतात, अकरा हजारांवर अस्पृश्य मते बाबासाहेबांच्या विरोधात गेली. आकड्यांतून दोन्ही निघत नाही. मतदारसंघ संयुक्त होता, सवर्ण मतदारही राखीव जागेच्या उमेदवाराला मत देऊ शकत होते. मताधिकार मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींनी बांधलेला होता. शिवाय मुंबई इलाख्यात बहुसदस्य मतदारसंघांत एका मतदाराला अनेक मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. म्हणजे मतांची संख्या मतदारांच्या संख्येइतकीही नाही. मते कोणत्या समाजाची हे तर त्याहून दूरचे.

काँग्रेसने बाळूंना का निवडले, याचा अंदाज करणे अवघड नाही. बाबासाहेबांसमोर उभे करायला त्याच समाजातले आणि मुंबईच्या गिरणगावात आबालवृद्धांना माहीत असलेले नाव हवे होते. हा पक्षाचा हिशेब. तो बाळूंच्या खात्यावर टाकू नये. बाळूंच्या खात्यावर एवढेच जाते, की साठीच्या उंबरठ्यावर असताना, ज्यांनी आपले मानपत्र लिहिले त्यांच्याविरुद्ध उभे राहायला ते तयार झाले. निवडून आले असते तर विधानसभेची जागा मिळाली असती, त्यामुळे ही कृती निव्वळ त्यागाची म्हणता येत नाही. पण आधीची निवडणूक हरलेल्या आणि समोर कोण आहे हे पुरते जाणणाऱ्या माणसाने ती केली, म्हणून निव्वळ लोभाची म्हणणेही पटत नाही.

काय म्हणता येते

तर मग बाळू पालवणकर कोणत्या बाजूचे? पुरावा तोलून मी तीन पायऱ्यांवर उत्तर देतो.

ठामपणे म्हणता येते ते असे : १९३२ ते १९३७ या काळात ते स्वतंत्र मतदारसंघ आणि धर्मांतर या दोहोंच्या विरोधात होते, आणि राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. हे त्यांच्या स्वतःच्या, नाकारता येण्याजोग्या आणि वारंवार केलेल्या कृतींवर उभे आहे.

बऱ्याच अंशी म्हणता येते ते असे : त्यांचे राजकारण शरणागतीचे नव्हते. चौकटीत राहून मोठी जागा मागण्याचे होते. पालवणकरांच्या घरात त्या मागणीसाठी खेळ सोडण्यापर्यंत तयारी होती.

म्हणता येत नाही ते असे : ते मनाने महासभावादी होते, किंवा काँग्रेसवादी होते, किंवा बाबासाहेबांचे शत्रू होते. मातीच्या भांड्यातून चहा प्यायला म्हणून त्यांनी अपमान मान्य केला, हेही म्हणता येत नाही. ते भांडे त्यांनी निवडलेले नव्हते.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. त्या दिवशी ते काय म्हणाले असते, यावर दोन्ही बाजूंच्या लोकांना मी हिरीरीने बोलताना ऐकले आहे. तो प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही, आणि जो प्रश्न पुढे आला नाही त्याचे उत्तर कुणाच्याही नावावर मांडू नये.

आजच्या खेळाडूंविषयीही माझे एवढेच सांगणे आहे. छायाचित्रात शेजारी कोण उभे होते, यापेक्षा ते छायाचित्र टाळता आले असते का, हे विचारावे. एकाच वेळी, एकाच शब्दांत अनेकांनी केलेले निवेदन आणि एकट्याने केलेले निवेदन यांना सारखे वजन देऊ नये. एका कृतीवरून पक्ष ठरवू नये. पाच कृती एका दिशेच्या असतील तर दिशा मान्य करायला कचरू नये, ती आपल्याला न आवडणारी असली तरीही. बाळूंची दिशा मला पटत नाही. पण ती त्यांची होती, आणि पुणे करारावर बाबासाहेबांच्या नावाबरोबर त्यांचेही नाव आहे ते त्यांनी स्वतः लिहिलेले आहे.